सोलापूरच्या रानातली फ्रेम

सोलापूरला डोंगर नाही. शहर साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर पसरलेलं आहे, आणि तुळजापूरच्या वाटेवर बालाघाटची कड लागेपर्यंत चढ म्हणावा असा चढ सापडत नाही. मग इथे माउंटन बाइक कशाला, असा प्रश्न मुलाबरोबर दुकानात आलेल्या वडिलांना पडतो आणि तो रास्त आहे. उत्तर डांबरी रस्ता सोडून जरा आत गेलं की मिळतं. माळावरचा मोकळा मुरूम, कालव्याच्या कडेचे सेवा-रस्ते, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, वर डोकं काढलेले काळे दगड, जागोजागी वेड्या बाभळीचे काटे, आणि पावसाळ्यात या सगळ्यावर कडी करणारी काळी माती. माउंटन बाइक डोंगरासाठी कमी आणि रस्ता नसलेल्या जागेसाठी जास्त लागते, आणि तशा जागांची सोलापूर जिल्ह्यात टंचाई नाही.

दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘स्टीलची दाखवू की अलॉयची?’ अलॉय म्हणजे त्याच्या मनात ॲल्युमिनियम. गिऱ्हाईक जरा सढळ दिसलं की कार्बनचं नाव निघतं, आणि इंटरनेटवर वाचून आलेला एखादा पोरगा टायटॅनियमची चौकशी करतो. पदार्थ चार, किमती चार, आणि जितकी महाग तितकी चांगली हा सरळसोट समज. माझं मत आधीच सांगून टाकतो. पदार्थाच्या नावावरून फ्रेमची पारख होत नाही. नळी किती रुंद आहे, तिची भिंत किती जाड आहे, जोड कसा केला आहे आणि मोडली तर आपल्या गावात ती दुरुस्त कोण करणार, यावरून होते.

पोलादी सायकलशी सोलापूरची ओळख जुनी आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. भोंगा वाजला की पाळी सुटलेल्या कामगारांच्या काळ्या सायकली रस्त्यावर येत. दांडीवर पोर, कॅरिअरला डबा, २८ इंची चाकं. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना अशाच सायकली काढायचा. पुढे तो डबघाईला आला आणि १९८० मध्ये संसदेने कायदा करून त्याचं राष्ट्रीयीकरण केलं. या सायकलींची फ्रेम साध्या, कमी कार्बनच्या पोलादाची. नळ्यांची टोकं जोडतुकड्यांत बसवायची आणि फटीत पितळ वितळवून सोडायचं, ही जोडण्याची रीत. वजन भरपूर, पण वाकलेला चिमटा सरळ व्हायचा आणि तडा गेला तर गॅसच्या बत्तीवर पितळ भरून तासाभरात सायकल पुन्हा रस्त्यावर यायची.

माउंटन बाइकचा जन्मही अशाच जाडजूड सायकलींतून झाला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन नावाचा परगणा आहे. १९७०च्या दशकात तिथल्या टमालपायस डोंगराच्या भागात काही तरुण तीस-चाळीसच्या दशकांतल्या फुगीर टायरच्या जुन्या श्विन सायकली घेऊन वणवा विझवण्यासाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली रीतसर शर्यत लावली. तिचं नाव ‘रीपॅक’, कारण एका उतारात मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि ते पुन्हा भरावं लागायचं. ग्रीस भरता येत होतं, पण फ्रेमा मोडत होत्या त्याचं काय करायचं? १९७७ मध्ये जो ब्रीझ या त्यांच्यातल्याच एकाने या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली, क्रोमोली पोलादाची. ती सायकल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टम्पजंपर’ कारखान्यात काढायला सुरुवात केली आणि हौशी मंडळींचा खेळ बाजारात आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात हीरो रेंजर आणि हर्क्युलस एमटीबी आल्या. जाड टायर, सरळ हँडल, भडक स्टिकर. आतलं पोलाद मात्र दूधवाल्याच्या सायकलीचंच.

क्रोमोलीत वेगळं काय? लोखंडात साधारण एक टक्का क्रोमियम, त्याच्या पाचव्या हिश्शाएवढं मॉलिब्डेनम आणि थोडा कार्बन. इथे दोन गुण वेगळे ठेवायला हवेत, कारण दुकानातल्या बोलण्यात ते हमखास एकत्र होतात. एक ताठपणा, म्हणजे जोर लावला असता नळी किती लवते. दुसरा ताकद, म्हणजे किती जोर लावल्यावर ती कायमची वाकते किंवा तुटते. साधं पोलाद आणि क्रोमोली यांचा ताठपणा जवळजवळ सारखाच. फरक ताकदीचा. ताकद जास्त म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते, आणि वजन वाचतं ते तिथे. त्यातही एक खुबी आहे. नळीवर सगळ्यात जास्त ताण जोडापाशी येतो, मध्यावर कमी. म्हणून टोकाला जाड आणि मधे पातळ अशी नळी ओढायची. इंग्लंडच्या रेनॉल्ड्सने याचं पेटंट १८९७ मध्येच घेतलं होतं. चांगल्या क्रोमोली फ्रेमची नळी टोकाला पाऊण-एक मिलिमीटर आणि मध्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. वर रंग चढल्यावर हे दिसत नाही. दोन फ्रेमांवर ‘स्टील’ लिहिलेलं असतं, आणि त्यातली एक दुसरीपेक्षा किलोभराने जड निघते.

आता थोडं गणित. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८५ पट, टायटॅनियमची ४.५ पट, ॲल्युमिनियमची २.७ पट. ताठपणा मोजण्याच्या एककात पोलाद २००, टायटॅनियम १०५ ते ११०, ॲल्युमिनियम ७०. ताठपणाला घनतेने भागून बघा. पोलादाचं उत्तर साडेपंचवीसच्या आसपास, ॲल्युमिनियमचं जवळजवळ सव्वीस, टायटॅनियमचं चोवीस. म्हणजे किलोमागे मिळणारा ताठपणा तिन्ही धातूंत सारखाच! निसर्गाने कुणालाच झुकतं माप दिलेलं नाही. मग ॲल्युमिनियमची फ्रेम हलकी कशी होते?

रुंदीमुळे. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो, वजन मात्र व्यासाच्या पटीतच वाढतं. पोलादाच्या जागी तेवढ्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी घातली तर वजन एक तृतीयांश होईल, पण ताठपणाही एक तृतीयांशावर येईल. सायकल पेडलच्या प्रत्येक दाबाला डोलेल. व्यास दीडपट करा. ताठपणा दीडचा घन, म्हणजे जवळजवळ ३.४ पट वाढतो. आता नळी पोलादी नळीपेक्षा किंचित जास्तच ताठ आहे आणि वजन तिच्या निम्म्यावर आहे. ॲल्युमिनियमच्या फ्रेमची खालची तिरपी नळी मनगटाएवढी जाड का असते, याचं हे कारण आहे. एमआयटीत शिकलेला गॅरी क्लाइन सत्तरच्या दशकात हीच युक्ती वापरत होता आणि कॅननडेलने १९८३ पासून ती सर्वसामान्यांच्या दुकानात आणली. पोलादाचीही नळी अशी रुंद का करत नाहीत, असं कुणी विचारेल. करता येते, पण वजन न वाढवता रुंद करायची तर भिंत इतकी पातळ होते की मुरमातला एखादा उडालेला दगडही तिला पोचा पाडतो.

रुंद नळ्यांमुळे एक दंतकथाही तयार झाली: ॲल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं आणि पोलाद धक्के पिऊन टाकतं. सायकलची फ्रेम त्रिकोणांची बनलेली असते. उभ्या दिशेने तिचा लवचिकपणा फार तर मिलिमीटरच्या हिशेबातला. त्याच धक्क्याला टायर मात्र सेंटिमीटरभर सहज दबतो. म्हणून दगडी वाटेवर हात बधिर होत असतील तर धातू बदलण्याआधी टायरमधली हवा कमी करून बघावी. सव्वादोन इंची टायरमध्ये पंक्चरवाल्याने पन्नास पीएसआय हवा ठासून भरली असेल, तर टायटॅनियमची फ्रेमसुद्धा बैलगाडीसारखीच चालेल.

धातूंचा खरा स्वभावभेद दिसतो तो थकव्यात. हा विषय सायकलवाल्यांनी नव्हे, रेल्वेवाल्यांनी शोधला. १८६० मध्ये आगगाडी सोलापूरला पोचली, त्याच सुमारास प्रशियात ऑगस्ट व्योलर हा इंजिनिअर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करत होता. एका वेळी सहज पेलणाऱ्या भाराखाली फिरणारे आस काही वर्षांनी अचानक का तुटतात, हा त्याचा प्रश्न. लक्षावधी फेऱ्यांनंतर त्याला आढळलं की पोलादाला एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर धातू जवळजवळ अमर्याद काळ टिकतो. टायटॅनियमचंही साधारण तसंच. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहानसा ताणही पुन्हा पुन्हा आला तर कधी ना कधी त्याचा हिशेब चुकता होतो. म्हणून ॲल्युमिनियमची फ्रेम तयार करणारा ताण मुळातच इतका कमी ठेवतो की ‘कधी ना कधी’ हा क्षण सायकलच्या आयुष्याबाहेर जावा. आंतरराष्ट्रीय चाचणीत फ्रेमवर एक लाख वेळा पेडलचा दाब दिला जातो, तो याचसाठी. चांगली ॲल्युमिनियम फ्रेम वर्षानुवर्षं चालते. स्वस्तात जाड नळ्यांचं नुसतं सोंग आणलेली फ्रेम चालेलच असं नाही.

तडा गेलाच तर पुढे काय? सोलापूरच्या दृष्टीने मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोलादाचा तडा बहुधा आधी रंगात रेघ म्हणून दिसतो, तिथे गंज धरतो, पेडल मारताना कुरकुर ऐकू येते. चांगला वेल्डर तो भरून देतो. ॲल्युमिनियमचं तसं नाही. त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो आणि तो वितळायला दोन हजार अंशांहून जास्त उष्णता लागते; आतला धातू साडेसहाशेलाच पाणी होतो, आणि तेही लाल न होता, म्हणजे बघणाऱ्याला कसलीही सूचना न देता. आर्गॉन वायूच्या पडद्याखाली टिग वेल्डिंग करणारे कारागीर औद्योगिक वसाहतीत मिळतील. पण अडचण वेल्डनंतर सुरू होते. सायकलसाठी सर्रास वापरला जाणारा ६०६१ हा मिश्रधातू जोडाजवळ तापला की तिथली निम्म्याच्या आसपास ताकद गमावतो. कारखान्यात ती परत आणण्यासाठी अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंशांवर तापवून एकदम थंड करतात, वाकडी झालेली ताळ्यावर आणतात आणि मग १७० ते १८० अंशांवर काही तास भाजतात. स्टिकरवरच्या ‘टी-सिक्स’चा अर्थ हा. कॅमशाफ्टसारखे अचूक भाग जगभर पाठवणाऱ्या सोलापुरात उष्णतेचं हे शास्त्र जाणणारी माणसं आहेत; पण एका सायकलच्या फ्रेमसाठी भट्टी कोण पेटवणार? त्यामुळे नाक्यावर वेल्ड केलेली ॲल्युमिनियमची फ्रेम दिसायला अखंड आणि जोडाच्या बाजूला मऊ अशी होते. उतारावर तिच्यावर भरवसा ठेवू नये.

कार्बनकडे वळलं की सोलापूरकराने बुजून जायचं कारण नाही, उलट या पदार्थाची नाडी त्याला इतरांपेक्षा लवकर सापडायला हवी. कार्बनची फ्रेम ही धातूची वस्तू नाही, ती वस्त्रोद्योगातली आहे. धाग्याचा कच्चा माल पॉलिॲक्रिलोनायट्राइल, म्हणजे स्वेटर-शालींच्या ॲक्रिलिकचाच सख्खा भाऊ. तो धागा ताणून धरून आधी दोनशे-तीनशे अंशांवर हवेत भाजतात, मग हवा नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या पुढे नेतात. बाकीची मूलद्रव्यं उडून जातात, उरतो जवळजवळ शुद्ध कार्बन. तंतूची जाडी पाच ते सात मायक्रॉन, केसाच्या दहाव्या भागाएवढी. जपानच्या तोरे कंपनीने १९७१ मध्ये हा धागा बाजारात आणला. आज ‘थ्री-के’ म्हणून जे लिहिलेलं असतं, ते एका पेडातल्या तीन हजार तंतूंसाठी.

हा धागा त्याच्या लांबीच्या दिशेने ओढला तर त्याच वजनाच्या पोलादाला सहज मागे टाकतो. आडव्या दिशेने त्याला जवळजवळ काहीच ताकद नसते. तिथे फक्त राळ असते. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चादर ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने ओढा, ती दाद देत नाही. तिरकी ओढा, लगेच सैल पडते. फ्रेम रचणारा नेमका हाच स्वभाव वापरतो. नळी वाकू नये म्हणून काही थर लांबीच्या दिशेने, पिळवटू नये म्हणून काही थर उजवी-डावीकडे ४५ अंशांत, आणि बॉटम ब्रॅकेटजवळ, जिथे पेडलचा जोर येतो, तिथे थरांवर थर. राळ लावलेल्या कापडाचे शेकडो तुकडे माणसं हाताने साच्यात मांडतात, आत फुगा फुगवून ते दाबतात आणि साचा भट्टीत घालतात. धातूची नळी सगळ्या दिशांना सारखीच वागते. इथे हव्या त्या जागी हवा तेवढाच ताठपणा ठेवता येतो. माउंटन बाइकची पुढची फळी कार्बनची कशी झाली, ते यातून कळतं. कार्बनची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली, फ्रेम किलो-सव्वा किलोत बसते. ॲल्युमिनियमची दीड ते दोन, क्रोमोलीची दोन ते अडीच.

एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. फ्रेमवर जी चौकडीची वीण दिमाखात चमकते, ती बहुतेक वेळा नुसती शोभेची असते. विणलेल्या कापडात धागा वर-खाली जातो, प्रत्येक वळणावर थोडा ताठपणा गमावतो. खरं काम करणारे थर न विणलेले, एकाच दिशेने सरळ अंथरलेल्या धाग्यांचे असतात. म्हणजे माग जितका सुंदर चालेल तितकी फ्रेम कमजोर!

मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेल्यावर कार्बन वितळेल का, ही शंका इथे अनेकांना येते. नाही. काळी फ्रेम उन्हात साठ-सत्तर अंशांपर्यंत तापेल, पण या राळी सहसा शंभर अंशांच्या पुढेच मऊ पडतात. कार्बनचं खरं दुखणं घाव. दगडावर नळी आपटली तर ॲल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बनमध्ये आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा रंग तसाच राहू शकतो. नाण्याने ठोकत गेलं की सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. ही परीक्षा उपयोगी आहे, पण खात्रीची नाही. आणि दुसरं दुखणं आपल्या मातीतलं. काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरला गुंडाळत जाते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांत ती गच्च भरते, आणि तिच्यातल्या खड्यांसकट चाक फिरत राहिलं तर ते नळी घासत बसतं. पोलादाचा रंग जातो. कार्बनचे थर जातात. म्हणून पावसाळ्यात रानात जाणाऱ्याने फ्रेम निवडताना टायर आणि नळी यांच्यात बोट सहज फिरेल एवढी फट आहे का, हे आधी बघावं. बारीक नळ्यांच्या पोलादी फ्रेमला इथे फायदा मिळतो. जाहिरातीत तो कुणी लिहीत नाही.

टायटॅनियमबद्दल थोडक्यात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे त्याचं खनिज आहे. टायटॅनियम पृथ्वीवर दुर्मीळ नाही. महाग आहे ते त्याला ऑक्सिजनपासून सोडवणं आणि मग हवा लागू न देता जोडणं. गंजत नाही, सहजी थकत नाही, रंगही लागत नाही. पैसे असतील तर घ्यावं. पण सोलापूरच्या कोरड्या हवेत न गंजण्याचं मोल कोकणाएवढं नाही. आणि नळी धातूचीच असावी लागते असंही नाही: पुण्यात निवृत्त विंग कमांडर शशिशेखर पाठक यांनी बांबूच्या फ्रेमच्या ‘बांबूची’ सायकली केल्या आहेत. पोकळ, हलकी, लांबीच्या दिशेने तंतू असलेली नळी निसर्ग आधीपासून बनवतोच आहे.

वजनाचा बाऊ किती करायचा? फ्रेम एक किलो हलकी झाली आणि तुम्ही शंभर मीटर चढलात, तर भौतिकशास्त्राच्या हिशेबाने सुमारे ९८० ज्यूल वाचतात. शरीराच्या कार्यक्षमतेचा विचार केला तर ही अन्नातली साधारण एक किलोकॅलरी होते. एका शेंगदाण्याच्या निम्म्याहूनही कमी. शर्यतीत सेकंदांना किंमत असते, तिथे हा अर्धा दाणा मोजावा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून रविवारी हिप्परग्याच्या तलावाकडे निघालेल्याने तो सोडून द्यावा.

माझी शिफारस विचाराल तर नामांकित कंपनीची, मध्यम किमतीची ॲल्युमिनियम हार्डटेल, किंवा मिळाली तर क्रोमोलीची. उरलेले पैसे टायरमध्ये, ट्यूबलेस करून आत सीलंट घालण्यात. बाभळीचा काटा फ्रेम कशाची आहे ते विचारत नाही, आणि सोलापूरच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ते बघावं लागतं. जुनी सायकल घेत असाल तर ती उलटी करा. खालच्या नळीचं पोट, बॉटम ब्रॅकेटभोवतीचे वेल्ड आणि सीटची नळी जिथे वरच्या दांडीला मिळते ती जागा ओल्या फडक्याने पुसून तिरप्या उजेडात बघा. केसासारखी रेघ दिसली तर भाव करत बसू नका, निघून या. मग सीटपोस्ट ओढून पाहा. तो हलत नसेल तर आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं तो काढलेलाच नाही, आणि घामाचं मीठ व धातूंची आपसातली झीज यांनी तो जाम झालेला आहे. तो निघाला तर स्वच्छ करून ग्रीस लावून परत बसवायचा, वर्षातून एकदा. फ्रेम किंवा पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नको, बारीक कण असलेली खास पेस्ट लावायची आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच, त्यावर लिहिलेल्या आकड्याएवढाच आवळायचा.